भरतीचं दार



नवी मुंबईत वाशीच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी फिरताना समोरचं पाणी बघून मन निवतं. पण तो तलाव शोभेसाठी बांधलेला नाही. तो धारण तलाव आहे. पावसाळ्यात आपली घरं कोरडी राहतात ती अशा तलावांच्या जिवावर.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठची भातशेतं, मिठागरं घेऊन हे शहर वसवलं गेलं. इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर एक व्यवस्था केली. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं. भरती चढली की खाडीचं पाणीच ती बाहेरून लावून घेतं. मधल्या तासांत पडेल तेवढा पाऊस तलावाने पोटात ठेवायचा.

आज त्या पोटात गाळ आहे आणि गाळावर खारफुटी वाढली आहे. बाहेर समुद्रही चढतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. पाऊसही बदलला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, त्याची वाफ आपल्यावर कोसळते आहे.

पर्यावरणासाठी आपण कापडी पिशवी नेतो, विजेचे दिवे बेताने लावतो. हे करायलाच हवं. पण ती झडप तुमच्या-माझ्या हातात नाही.

जवळच्या गावठाणातल्या एका आगरी आजींनी मला शेतीचे दिवस सांगितले होते. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खेकड्याचं बीळ दिसलं तरी ते त्याच दिवशी बुजवायचं. उधाणाला बांध फुटून खांड गेली तर घरातलं प्रत्येक माणूस चिखल वाहायला धावायचं. शेत कुणाचं हे कुणी विचारायचं नाही. ती जमीन सरकारने घेतली, तेव्हा बांध राखण्याची जबाबदारीही सरकारने घेतली, असं मी मानते.

हे काम सोपं नाही. खारफुटी लाटांचा जोर मोडते, माशांची पिल्लं सांभाळते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती तोडायला राज्यभर मनाई केली, ते योग्यच झालं. तलावातला गाळ काढायचा तर महापालिका, सिडको, वनखातं आणि न्यायालय या सगळ्यांची सांगड घालावी लागते. किती झाडं काढायची, त्यांच्या कितीपट बाहेर लावायची, हे एकत्र बसून ठरवावं लागतं. हे एकट्यादुकट्या नागरिकाचं काम नव्हे, म्हणूनच ते सरकारचं काम आहे.

आणि सरकारने मनावर घेतलं की ते होतं. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं होतं. रोहित पक्ष्यांच्या या जागेसाठी नागरिकांनी पाठपुरावा केला आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने ती संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली.

आता धारण तलावांचीही अशीच दखल घ्या. त्यांची खोली दरवर्षी मोजा आणि आकडे लोकांसमोर ठेवा. झडपांची उंची पुढच्या पन्नास वर्षांचा समुद्र धरून ठरवा. उरलेल्या पाणथळ जागांवर भराव पडू देऊ नका. आणि समुद्र ज्यामुळे तापतो, ते कोळशाचं ज्वलन कमी करण्याचे निर्णय लांबणीवर टाकू नका.

भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापून येतात. समुद्र त्या पाळतो. सरकारी कामांच्या तारखाही तशाच आधी छापल्या जाव्यात, आणि पाळल्या जाव्यात.