दुरून टिपलेला चेहरा



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एका स्नेह्याने मला वाटेतच गाठले आणि विचारले, "अहो, परक्या माणसाचा चेहरा त्याच्या नकळत रस्त्यावरून उचलायचा, याला तुम्ही कला म्हणता की चोरी?" मी म्हटले, "व्याख्यानाला या, तिथे सांगतो." ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. तेव्हा आता सुटका नाही.

प्रथम हे सांगून टाकतो की मी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. नोकरी संपली तरी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडण्याची खोड काही संपली नाही, इतकाच माझा अधिकार.

आपल्या सर्वांचा अनुभव असा, की कॅमेरा पुढे आला की माणूस बदलतो. आजोबा टोपी सारखी करतात, गृहिणी पदर सावरते, पोरे दात विचकतात. क्षणापूर्वी जो चेहरा जिवंत होता, त्यावर एक मुखवटा चढतो. हा मुखवटा चढण्यापूर्वीचे माणूस टिपता येईल काय, या धडपडीतून काही जण टेलिफोटो लेन्सकडे वळले.

तिचे गणित सोपे आहे. 35 मिलिमीटर फिल्मच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरची लेन्स लावून तुम्हाला कुणाचे डोके आणि खांदे उभ्या चौकटीत भरून घ्यायचे असतील, तर त्याच्यापासून तीन फुटांच्या आत उभे राहावे लागते. म्हणजे जवळजवळ त्याच्या श्वासात. तेच चित्र 200 मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे 11 फुटांवरून मिळते आणि 500 मिलिमीटरच्या लेन्सने 27 फुटांवरून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून. अशी लेन्स चेहरा चपटा करते असे म्हणतात. पण ते काम लेन्सचे नव्हे, अंतराचे. अगदी जवळून नाक मोठे आणि कान लहान दिसतात. लांबून सर्व अवयव आपापल्या प्रमाणात येतात. शिवाय 200 मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र मोठे ठेवले, तर 11 फुटांवर जेमतेम तीन-चार बोटे खोलीचा भाग स्पष्ट उमटतो. डोळे लख्ख, कान धूसर, आणि मागची गर्दी तर विरघळूनच जाते. भर बाजारातला माणूस एकटा होतो. या चित्रांची मोहिनी आहे ती यात.

ही धडपड मात्र केवळ टेलिफोटोपुरती नव्हती. 1916 साली न्यूयॉर्कमध्ये पॉल स्ट्रँड याने आपल्या कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली. लोकांना वाटे, हा तिकडचे चित्र घेतो आहे. तो घेत असे इकडचे. त्याच सुमारास त्याने टिपलेली, गळ्यात 'अंध' अशी पाटी अडकवलेली स्त्री आज जगप्रसिद्ध आहे. पुढे 1938 ते 1941 या काळात वॉकर एव्हान्स याने कोटाआड कॅमेरा लपवून, बटणाची तार बाहीतून हातात घेऊन, त्याच शहराच्या भुयारी रेल्वेत समोरच्या प्रवाशांची चित्रे घेतली. पण त्यांचे पुस्तक निघाले केव्हा? 1966 साली! पंचवीस वर्षे थांबल्यावर त्यातले चेहरे काळानेच थोडे झाकले होते. या थांबण्याला मी फार मोल देतो.

आता याच शहरातली अलीकडची हकीकत ऐका. 1999 ते 2001 या काळात फिलिप-लोर्का डिकोर्शिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरच्या वर्दळीत रस्त्यावरच्या मचाणाला विजेचे दिवे लपवले आणि लांबवर टेलिफोटो घेऊन तो उभा राहिला. पादचारी ठरल्या जागी आला की दिवा लखलखे आणि चेहरा टिपला जाई. हजारो चित्रांतून त्याने अवघी 17 निवडली. मी ती छापील स्वरूपात पाहिली आहेत. अंधारातून एकेक चेहरा असा वर येतो, की देवळाच्या गाभाऱ्यातल्या मूर्तीची आठवण व्हावी.

त्या सतरांत एक वृद्ध, सनातनी ज्यू गृहस्थ होते. आपले चित्र प्रदर्शनात लागले, त्याच्या दहा प्रती वीस ते तीस हजार डॉलरना एक अशा विकायला निघाल्या, हे त्यांना कळले ते 2005 साली. प्रतिमा हीच त्यांच्या धर्मभावनेला निषिद्ध! त्यांनी दावा लावला. 2006 साली न्यायालयाने निकाल दिला, की हे चित्र व्यापार नसून कला आहे आणि कलेला आविष्कारस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. त्या गृहस्थांना झालेले दुःख न्यायाधीशांनी खोटे मानले नाही, पण त्या दुःखावर त्या कायद्यात उपाय नव्हता. पुढे 2007 साली वरिष्ठ न्यायालयात मुदतीच्या मुद्द्यावर प्रकरण कायमचे मिटले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. केवळ सार्वजनिक जागी आल्याने माणूस तो हक्क गमावत नाही, असेही त्या निकालपत्रात आहे. पण न्यायालयाचा निर्णय हा सभ्यतेचा किमान हप्ता असतो. पूर्ण देणे त्याहून मोठे असते. ते मला शिकवले एका भाजीवालीने.

आमच्या गावच्या आठवडे बाजारात, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीवरून मी एका म्हातारीचे चित्र टेलिफोटोने घेतले. मांडीवर पैसे ठेवून ती मोजत होती. मान खाली, उन्हाची तिरीप गालावर, ओठ किंचित हललेले. मी त्याला नाव दिले 'समाधान'. आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात त्याची वाहवा झाली, बक्षीसही मिळाले. मी खूश होऊन एक प्रत घेऊन तिच्याकडे गेलो.

तिने चित्र दोन्ही हातांनी धरले, पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, "कुटनं काढलास रं ह्यो?" मी पलीकडची पायरी दाखवली. म्हणाली, "तितनं बघत व्हतास व्हय? मंग भाजी न्हाई घ्यावीशी वाटली?"

मंडळी, मी हसलो. ती हसली नाही. बोट ठेवून सांगू लागली, "त्या दिशी माल परत न्याया लागला. तीनदा मोजलं, तरी गाडीवाल्याचं पैसं भरंनात." आणि त्याच चित्राखाली मी 'समाधान' लिहून बक्षीस घेतले होते!

तिच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती माझ्या लेन्सने मोजली होती. पण ओठ कशाने हलत होते, ते पलीकडून मला ऐकू आले नव्हते. टेलिफोटोने चेहरा जवळ येतो, माणूस मात्र होता तिथेच राहतो.

तिने ते चित्र परत दिले. "ह्यो नगं. आता काढ," म्हणून पदर डोक्यावर घेऊन ती ताठ बसली. मी जवळून चित्र काढले. कला म्हणून विचाराल, तर ते दुसरे चित्र सामान्य आहे. खांबासारखी बसली आहे बिचारी. पण तिच्या घरी लागले ते दुसरे. पहिले मी पुन्हा कुठे मांडलेले नाही. त्याचा मोह मला आजही सुटलेला नाही, हेही कबूल करतो.

म्हणजे लपून चित्र काढूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. स्ट्रँड आणि एव्हान्स यांनी विचारत बसायचे ठरवले असते, तर एका महानगराचे खरे चेहरे जगाला दिसले नसते. पण ज्याचे चित्र घेतले, त्याला आपले ऋण लागते. शक्य असेल तिथे रस्ता ओलांडावा, चित्र दाखवावे, नाव देण्यापूर्वी विचारावे, आणि तो 'नको' म्हणाला तर ते ऐकावे. गर्दीत ज्याला पुन्हा गाठता येणार नाही, त्याच्या चेहऱ्याखाली निदान आपला निष्कर्ष लिहू नये.

पूर्वी ही लेन्स मोजक्यांजवळ असे. आज लांबचे जवळ आणणारा कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे आणि चित्र घटकाभरात सर्वदूर जाते. म्हणून हा प्रश्न आता केवळ छायाचित्रकारांचा राहिलेला नाही, तुमचाआमचा झाला आहे.

तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या माझ्या स्नेह्यांना माझे उत्तर असे: घेताना ती उसनवारी असते. फेडली तर कला, नाही तर तुमचा शब्द खरा.