टॅप डान्सची पहिली पावले आणि त्यांची नावे

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सूचनाफलकावर आजचा विषय वाचून चार-पाच जणांनी मला गाठून विचारले, "काय हो, सरकारी नोकरीत असले नाच शिकवतात का?" शिकवत नाहीत. इंटरनेटवर बघून मी वर्षभर घरीच टॅप डान्सची प्राथमिक पावले गिरवतो आहे. त्यामुळे मी नर्तक म्हणून इथे उभा नाही, शिकाऊ म्हणून उभा आहे. पण शिकाऊ माणसाला एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे या नाचात पाय बसण्याच्या आधी नावे पाठ व्हावी लागतात. नाव कळले की पाऊल निम्मे आले. आज मी त्या नावांबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी आपल्या लेझीमबद्दल एक सूचना मांडणार आहे.

टॅप डान्स म्हणजे बुटांनी तबला वाजवणे, असे समजा. बुटाच्या तळाला दोन धातूच्या पट्ट्या असतात. एक पुढे चवड्याखाली आणि दुसरी टाचेखाली. आपल्याकडे वहाणेला नाल ठोकतात, तसाच प्रकार. फरक इतकाच की नाल वहाण झिजू नये म्हणून असतो आणि ही पट्टी वाजावी म्हणून. दोन पायांच्या मिळून चार पट्ट्या. एवढ्या सामग्रीवर सगळा खेळ.

आता बसल्या जागी करून बघू. उजवा पाय जमिनीपासून दोन बोटे उचला. घोटा सैल ठेवा. चवडा जमिनीला घासून पुढे न्या. एक आवाज आला. याचे नाव 'ब्रश'. झाडू मारल्यासारखे. तसाच चवडा घासून मागे आणा. दुसरा आवाज. त्याला 'स्पँक' म्हणतात. दोन्ही लागोपाठ केले की झाले 'शफल'. शफल म्हणजे दोन आवाज, आणि पाय पुन्हा हवेत. आता ब्रश करा, पण पाय मागे न आणता तिथेच पुढे टेकवा. हा झाला 'फ्लॅप'. यातही आवाज दोनच.

शफल आणि फ्लॅप या दोघांत नवशिक्या हमखास गोंधळतो, कारण दोन्हींची सुरुवात एकच आणि आवाजही दोन-दोन. फरक आहे वजनाचा. शफल संपतो तेव्हा पाय मोकळा असतो. फ्लॅप संपतो तेव्हा शरीराचे वजन त्या पायावर आलेले असते. म्हणून फ्लॅपनंतर दुसरा पाय आपोआप मोकळा होतो आणि माणूस पुढे चालू लागतो. शफल कितीही करा, आपण जागच्या जागीच.

ज्यांना गुडघ्यांचा त्रास नाही त्यांनी आता उभे राहावे. पूर्ण तळपाय आपटून त्यावर वजन द्या. हा 'स्टॅम्प'. पूर्ण तळपाय आपटा, पण वजन न देता लगेच उचला. हा 'स्टॉम्प'. एका स्वराचा फरक आहे, पण पुढचे पाऊल कोणत्या पायाने पडणार हे त्या एका स्वरावर ठरते. काही शिक्षक या दोन नावांचा अर्थ उलटा लावतात, म्हणून नव्या शिक्षकाकडे गेल्यावर आधी हेच विचारून घ्यावे.

पुढचे नाव 'बॉल चेंज'. बॉल म्हणजे चेंडू नव्हे, पायाचा चवडा. मागच्या पायाच्या चवड्यावर क्षणभर वजन घ्यायचे आणि लगेच पुढच्या पायावर बदलायचे. दोन आवाज. शफल आणि बॉल चेंज जोडले की 'शफल बॉल चेंज', चार आवाज. 'क्रॅम्प रोल' म्हणजे उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच. पुन्हा चार. सावकाश केला तर चार वेगळे ठोके ऐकू येतात, जलद केला तर नगारा घुमल्यासारखा वाटतो. 'पॅराडिडल' हे नाव तर थेट ढोलवादकांकडून उसने घेतलेले आहे. टाच पुढे रोवायची, स्पँक करायचा, चवडा टेकवायचा, टाच आपटायची. यातही चारच.

हे आवाज मोजणे फार महत्त्वाचे आहे. पाऊल बरोबर पडले की नाही हे आरशात बघून कळत नाही, कानाने कळते. चार आवाजांच्या पावलात तीनच ऐकू आले, तर कुठेतरी घोटा आखडला आहे असे समजावे. बहुतेक वेळा स्पँक गाळला गेलेला असतो.

जमिनीबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण तो माझ्या कामाचा विषय आहे. आपल्या घरांत स्लॅबवर फरशी असते. ती दणका परत गुडघ्यात पाठवते, आणि गुळगुळीत फरशीवर धातूची पट्टी घसरते. जाड प्लायवुडचा एक तुकडा घ्यावा आणि खाली जुनी सतरंजी घालावी. आवाजही चांगला येतो आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात. पहिले काही महिने पट्ट्यांच्या बुटांचीही गरज नाही. कडक तळाचे साधे बूट पुरतात.

ही सुटी पावले जोडून जे पहिले पूर्ण वाक्य तयार होते त्याला 'टाइम स्टेप' म्हणतात. सिंगल टाइम स्टेप अशी: स्टॉम्प, हॉप, स्टेप, फ्लॅप, स्टेप. हॉप म्हणजे त्याच पायावर लंगडीसारखी उडी, आणि स्टेप म्हणजे चवडा टेकवून वजन देणे. मोजा, सहा आवाज. त्यातल्या पहिल्या स्टेपच्या जागी फ्लॅप घातला की डबल, सात आवाज. तिथेच शफल आणि स्टेप घातले की ट्रिपल, आठ आवाज. काळ तेवढाच, आवाज वाढत जातात. तबला शिकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

या नावामागे एक व्यावहारिक कारण आहे. पूर्वी अमेरिकेत नर्तक गावोगावच्या रंगमंचांवर फिरत. प्रत्येक गावी वादक नवे आणि तालमीला वेळ नाही. मग नर्तक सुरुवातीलाच ही पावले टाकी आणि त्यावरून वादकांना लय समजे. सहा वेळा टाइम स्टेप, मग दोन आवर्तनांचा 'ब्रेक', आणि आठ आवर्तने पुरी. आपल्याकडे तिहाई घेऊन समेवर येतात, तेव्हा ऐकणाऱ्याला जे समाधान मिळते, तेच काम तिथे हा ब्रेक करतो.

आता थोडे मागे जाऊ, कारण ही नावे कोणाची हे कळल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेले लोक आपले ताल बरोबर घेऊन गेले होते. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो येथे गुलामांनी बंड केले. ढोल वाजवत ते माणसे गोळा करत पुढे गेले. बंड मोडले गेले आणि पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथे जो कडक कायदा झाला त्यात गुलामांना ढोल वाजवायला बंदी आली. ढोल काढून घेता येतो, हातपाय कसे काढून घेणार? ताल मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांत आणि पावलांत जिवंत राहिला. अशा एका नाचाला 'जुबा' म्हणत. पुढे शहरांतल्या गरीब वस्त्यांत आयर्लंडहून आलेल्या लोकांचे जिग आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या कामगारांचा लाकडी तळाच्या बुटांचा नाच यांच्याशी त्याची गाठ पडली. या सगळ्यांच्या मिसळणीतून टॅप तयार झाला.

चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेला गेला होता. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत त्याने एका कृष्णवर्णीय तरुणाचा नाच पाहिला आणि आपल्या 'अमेरिकन नोट्स' या प्रवासवर्णनात त्याच्याविषयी लिहिले. तो तरुण म्हणजे विल्यम हेन्री लेन असे मानले जाते. लोक त्याला 'मास्टर जुबा' म्हणत. नाचाचे नाव माणसाला मिळाले ते असे.

बिल रॉबिन्सन हे नाव आपल्यापैकी जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या शौकिनांना माहीत असेल. पायऱ्या चढत-उतरत नाचणे ही त्यांची खासियत. १९३५ च्या 'द लिटिल कर्नल' या चित्रपटात छोट्या शर्ली टेंपलबरोबर ते जिन्यावर नाचले आहेत. ते बहुतेक चवड्यांवर नाचत. त्यांच्यानंतरच्या जॉन बबल्स यांनी टाचांचे ठोके भरपूर वापरून नाच खालच्या पट्टीत आणला. दोघांचेही पदन्यास आजही शिकवले जातात. अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा करून रॉबिन्सन यांचा जन्मदिवस, २५ मे, हा राष्ट्रीय टॅप डान्स दिन ठरवला.

पण गाजलेली माणसे थोडी आणि विसरलेली फार. या कलावंतांना त्या काळी अनेक नाट्यगृहांत प्रेक्षक म्हणूनसुद्धा मानाने बसता येत नव्हते. त्यांची पावले दुसरे उचलत आणि पैसे मिळवत. अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यात नृत्यरचनेचा स्पष्ट उल्लेख १९७६ मध्ये आला, आणि सुटे पाऊल तर आजही त्यात बसत नाही. जमिनीच्या खसऱ्यावर मालकाचे नाव असते, पावलाला तसला कागद नाही. त्याला असते ते फक्त शिकवणाऱ्याच्या तोंडातले नाव. 'मॅक्सी फोर्ड' नावाचे एक पाऊल आहे. मॅक्स फोर्ड हा जुन्या रंगमंचावरचा नर्तक. त्याचा नाच पाहिलेले आज कोणी नाही, पण जगात कुठेही मूल ते पाऊल शिकते तेव्हा त्याचे नाव घेतले जाते.

'शिम शॅम' ही छोटी रचना १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी बसवली. तिचे चार भाग, प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा. त्यातल्या पावलांची नावेही गमतीची. एकाचे 'टॅकी ॲनी', दुसऱ्याचे 'ओंडक्यावरून पडणे' अशा अर्थाचे. कार्यक्रमाच्या शेवटी सगळे कलाकार, थोर आणि शिकाऊ, एका रांगेत उभे राहून शिम शॅम करतात. ओळख नसलेली माणसेसुद्धा एकत्र नाचू शकतात, कारण नावे सगळ्यांना ठाऊक असतात.

भारताशीही या नाचाची गाठ पडली आहे. कथक नर्तक पंडित चित्रेश दास मूळचे कोलकात्याचे, पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले. त्यांनी तरुण टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांच्याबरोबर 'इंडिया जॅझ स्वीट्स' हा कार्यक्रम केला. एकाचे पाय उघडे आणि घुंगरू बांधलेले, दुसऱ्याचे बुटात. भाषा वेगळी, वयात मोठे अंतर, पण लयीवर दोघे समोरासमोर बोलत. कथकात बोल म्हणजे आवाजाचेच नाव, 'ता थेई तत्'. टॅपमध्ये नाव कृतीचे असते, घासा, टेकवा, बदला. पद्धती दोन, पण दोन्हींत नावाशिवाय पाऊल पुढच्या पिढीकडे जात नाही.

म्हणूनच मला आपली लेझीम आठवते. लेझीमच्या अगदी पहिल्या प्रकाराचे नाव काय? 'चार आवाज'. मोजून चार. क्रॅम्प रोल शिकताना मला हे नाव आठवले आणि आनंद झाला. 'एक जागा', 'पवित्रा' ही नावे इथे बसलेल्या काका मंडळींना पाठ आहेत. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवर गिरण्यांच्या झाँक्यांबरोबर आखाडे निघत, तेव्हा पुढच्याने नाव पुकारायचे आणि सगळ्या रांगेने एकदम हात बदलायचे. गेल्या वर्षी आपल्याच पथकातली मुले सरावात एकमेकांना सांगत होती, "वो घूमनेवाली स्टेप कर." मुले नाचत छान होती. पण 'घूमनेवाली स्टेप' हे नाव नव्हे. उद्या दोन प्रकार फिरण्याचे निघाले, तर त्यातला एक गळून पडणार. मंगळागौरीचेही तेच. पिंगा, कोंबडा, किकीचे पान, बस फुगडी, दंड फुगडी, अशी कितीतरी नावे आपल्या आजी-मावश्यांना तोंडपाठ आहेत. आता तो सगळा 'मंगळागौर डान्स' एवढ्या एका नावाखाली गोळा होतो. दूरच्या मुलुखात पिढ्यान्पिढ्या राहूनही आपण ही पावले इथवर आणली, ती कोणी कागदावर लिहून दिली म्हणून नाही. नाव पुकारणारे कोणीतरी प्रत्येक पिढीत होते.

तेव्हा माझी सूचना अशी. टॅप शिकताना मी वहीत चार रकाने आखले आहेत: पावलाचे नाव, आवाज किती, वजन शेवटी कोणत्या पायावर, आणि कोणाकडून शिकलो. तशीच एक वही मंडळाने घालावी. रविवारी सकाळी सभागृह मोकळे असते. ज्येष्ठांनी नाव सांगावे आणि उठता येत नसेल तर खुर्चीवर बसून हात दाखवावा. मुलांनी करावे, आवाज मोजावेत आणि लिहून घ्यावे. चौथा रकाना रिकामा ठेवू नये. ज्या काकांनी दाखवले त्यांचे नाव तिथे आलेच पाहिजे. वही मी आणली आहे, पहिले पान आखून ठेवले आहे. येत्या विसर्जनाला नाव पुकारले की रांगेने हात बदलावा, एवढे जमले तरी पुष्कळ झाले.