दंड भरला की काम संपले?

चुकार गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली की ती कोंडवाड्यात जातात आणि मालकाला दंड भरून सोडवावी लागतात. आता, हा दंड खाल्लेल्या चाऱ्याच्या किमतीहून कमी असेल तर काय होईल? मालक हसत दंड भरील आणि गुरे पुन्हा मोकळी सोडील. हाच हिशोब आज आपण टेलिफोन कंपन्यांना लावून पाहू.

ब्रिटनमध्ये संकटकाळी ९९९ हा क्रमांक फिरवतात. लंडनमध्ये १९३७ साली सुरू झालेली ही सोय. हे फोन प्रथम घेण्याचे काम बीटी या कंपनीकडे आहे. २५ जून २०२३ रोजी ही यंत्रणा बिघडली. साडेदहा तासांच्या त्या गोंधळात सुमारे १४,००० वेळा केलेले फोन वाया गेले. मूळ कारण एवढेच, की संगणकाच्या एका फाइलीत चूक होती. पर्यायी यंत्रणा नव्हती असे नाही, बरं का! पण ती सुरू करण्याच्या सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या आणि माणसांना सराव नव्हता. म्हणून पहिला प्रयत्न फसला. २०२४ च्या जुलैत ऑफकॉम या नियामक संस्थेने कंपनीला १ कोटी ७५ लाख पौंड दंड केला.

रक्कम डोळे दिपवणारी खरी. पण कंपनीची वार्षिक उलाढाल तेव्हा २,००० कोटी पौंडांहून अधिक होती. म्हणजे दिवसाला सुमारे साडेपाच कोटी. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे मान्य. तरीही बिघाड साडेदहा तासांचा आणि दंड जेमतेम आठ तासांच्या उलाढालीएवढा!

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याहून कडू आहे. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टस कंपनीचे जाळे कोसळले आणि २,१४५ माणसांचे संकटकाळचे फोन लागले नाहीत. त्यांपैकी ३६९ जणांची मागाहून साधी विचारपूसही कंपनीने केली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने १ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक दंड भरला. आणि १८ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच कंपनीच्या यंत्रणेत फेरबदल करताना पुन्हा शेकडो फोन अडले; काही मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. दंडाने शहाणपण आले असे कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, दंड वाढवला तर कंपनी तो ग्राहकांच्याच माथी मारील. आक्षेप रास्त आहे. म्हणून नुसती रक्कम फुगवून भागणार नाही. दंड उलाढालीच्या प्रमाणात असावा, हे पहिले. दुसरे, वरिष्ठांच्या वेतनालाही त्याची झळ पोहोचावी. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, पर्यायी यंत्रणा ठरावीक मुदतीने प्रत्यक्ष चालवून पाहावी व तिचा निकाल लोकांपुढे ठेवावा. विहिरीवरचा जादा दोर वर्षभर खुंटीला टांगून ठेवला, तर तो कुजला आहे हे माणूस बुडतानाच कळते.

आपल्याकडे आता ११२ हा क्रमांक आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तो मुलांना जरूर शिकवावा. आणि ग्रामसभेत आपण सर्वांनी एक प्रश्न विचारावा : आपल्या गावातून हा फोन लागतो का? मनोरा बंद पडला तर दुसरी वाट कोणती? दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. अडलेल्याला हवे असते ते पलीकडून आलेले उत्तर.