आजारी मूल आणि हजेरीपट



हजेरी वाढावी म्हणून आपण घरोघर हिंडतो. मग दाराशी आलेल्या मुलास परत पाठविणे जिवावर येते. आई खुरपणीस गेलेली असते. ती घरी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. हे ध्यानी घेऊनच निर्णय करावयाचा आहे.

माझ्या वर्गातील एक मुलगी पूर्ण हजेरीच्या बक्षिसासाठी अंगात ताप असता शाळेत येत राहिली. मी तिचे कौतुक केले. चौथ्या दिवशी तिच्या अंगावर गोवराचे पुरळ दिसले आणि पंधरवड्यात शेजारच्या दोघी आजारी पडल्या. ते बक्षीस मी बंद केले.

मनाशी तीन प्रश्न विचारावे. मुलास वर्गात रमता येते काय? त्याच्या शुश्रूषेपायी इतरांकडे दुर्लक्ष होईल काय? आजार संसर्गाचा आहे काय?

साधे पडसे असून मूल खेळते असेल तर त्यास येऊ द्यावे. उवांसाठी कोणासही घरी धाडू नये. खरजेवर उपचार सुरू झाला की दुसऱ्या दिवशी मूल येऊ शकते. ताप मात्र औषधावाचून 24 तास उतरलेला असावा. जुलाब-ओकाऱ्या थांबून निदान एक दिवस जावा. साथ असल्यास दोन. गोवरात पुरळ उठल्यावर 4 दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून 5 दिवस आणि कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी असावे.

गोवर पुरळाच्या 4 दिवस आधीपासूनच पसरतो. म्हणून पहिला रोगी आढळताच आरोग्यसेविकेस कळवावे व इतरांच्या लसीचे दोन्ही डोस झाले काय, ते पाहावे. देवी आली असे मानून कोणी मूल घरी ठेवले तर हसू नये. घरी ठेवणे योग्यच आहे. मात्र उपचार टाळू नका, असे प्रेमाने सांगावे.

मूल ग्लानीत असेल, धाप लागली असेल, झटके येत असतील किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर घर नव्हे व शाळाही नव्हे. तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

मूल परतले की बुडालेला पाठ आपण पुन्हा घेऊ, असे पालकांस आधीच सांगावे. हा भरवसा असला म्हणजे आजार लपविला जात नाही.