खेळांवरचे बोलपट : काही डावे, काही उजवे

बोलपटांची प्रतवारी लावणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील. कापसाची प्रत लावली तर तिच्यावर भाव ठरतो. बोलपटाची प्रत लावून कोणाच्या पदरात काय पडायचे? पण अमेरिकेत हा उद्योग मोठ्या हौसेने चालतो. तिकडे फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! त्या खेळावर तिकडे इतके बोलपट निघाले आहेत की, त्यांतला उत्तम कोणता आणि टाकाऊ कोणता, यावर लोक हिरिरीने भांडतात. आपल्याकडेही गेल्या पंचवीस वर्षांत खेळांवरचे बोलपट बरेच झाले. आणि आपल्या झरी जामणीच्या बाजूला शाळेत बोलपट दाखवायची पाळी आली म्हणजे गुरुजींना निवड ही करावीच लागते. २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. त्या दिवशी पोरांना काय दाखवावे, असे मला कोणी ना कोणी विचारतेच. तेव्हा आज त्याचेच उत्तर देतो.

आधी माझे माप सांगून टाकतो. खेळाच्या बोलपटात शेवटी आपला गडी जिंकणार, हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. म्हणून जिंकण्याला मी फारसे गुण देत नाही. मी पाहतो ते एवढेच, की हा गडी मैदानापर्यंत पोचला कसा? त्याला कोणी अडवले? आणि ती अडवणूक खरी वाटते की रचलेली?

या मापाने मी पहिला नंबर 'झुंड'ला देतो. नागराज मंजुळे यांचा हा पहिला हिंदी बोलपट, ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. गोष्ट आपल्या नागपूरचीच. विजय बारसे हे तिथल्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरे एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. बोलपटात त्यांच्यावरून रचलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे, आणि विशेष म्हणजे पोरांना पुढे जाऊ देऊन हा एवढा मोठा नट मागे उभा राहिला आहे. पोरे नागपूरच्या वस्त्यांतूनच निवडलेली. त्यांची बोली आपली, शिव्याही आपल्याच. त्यांच्यातल्या अंकुश गेडाम या मुलाला पुढे नवोदित नटाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

यातला एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाने पाहावा. प्राध्यापक पोरांना खेळण्याचे पैसे देतात. रोज खेळा, रोज पैसे न्या. पोरे येतात, खेळतात, पैसे घेऊन जातात. मग एक दिवस प्राध्यापक सांगतात, आज पैसे नाहीत. पोरे घुटमळतात, पण त्यांचे पाय मैदानाकडेच वळतात. गोडी लागलेली असते ना! वर्गात गोडी लावण्यावर आपण किती भाषणे ऐकतो. इथे एका शब्दाचे भाषण नाही.

पुष्कळांची तक्रार अशी की, बोलपट जवळजवळ तीन तासांचा आहे, मुख्य सामना मध्यंतराच्या सुमाराला संपतो आणि नंतर तो रेंगाळतो. रेंगाळतो हे खरे. दोनचार ठिकाणी कात्री चालली असती तर बरे झाले असते. पण मध्यंतरानंतर काय आहे ते बघा. संघाला परदेशी जायचे आहे, आणि त्यासाठी पारपत्र पाहिजे. एक आदिवासी मुलगी निवडली जाते. रिंकू राजगुरूने ही भूमिका केली आहे. त्या मुलीजवळ ती कोण आहे हे सांगणारा कागद नाही. बाप तिला घेऊन या दारातून त्या दारात फिरतो. शहरातल्या प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटला असेल. आपल्या पोडावरच्या कोलाम बापाला तो कंटाळवाणा वाटणार नाही. दाखल्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला घातलेले हेलपाटे त्याला आठवतील. माझ्या मते खरा सामना हाच. पहिला सामना पोरे पायांनी जिंकतात. दुसऱ्यात पाय कामाला येत नाहीत. तिकडे अंकुशचेही तसेच. खेळ सुधारला तरी पोलिसातली नोंद त्याची पाठ सोडत नाही. वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि शेवटी विमान त्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर कोणी व्याख्यान देत नाही, हे दिग्दर्शकाचे उपकारच.

दुसरा नंबर 'चक दे! इंडिया'चा. २००७ सालचा हा बोलपट मुलींच्या हॉकीवर आहे. २००२ साली राष्ट्रकुल सामन्यांत आपल्या मुलींनी हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, त्यावरून या कथेचे बीज सुचले. नटींना हॉकी शिकवायला मीररंजन नेगी होते. १९८२ च्या आशियाई सामन्यांत पाकिस्तानने अंतिम फेरीत आपल्याला ७-१ ने हरवले, तेव्हा गोल राखणारे तेच, आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांना त्याचे बोल खावे लागले. बोलपटातल्या कबीर खानाच्या वाट्याला आलेला कलंक पाहताना ही आठवण ठेवावी. यात झारखंडच्या दोन आदिवासी मुली आहेत, सोयमोय आणि रानी. नावनोंदणीच्या टेबलाशीच काही मुलींची थट्टा होते. देशाच्या संघात निवड झालेली, आणि तिथल्याच माणसाला त्या परक्या वाटतात! हा प्रसंग मिनिटभराचा असेल, पण खरा आहे. कोल्हापूरच्या सागरिका घाटगे यांनी प्रीती छान उभी केली आहे. प्रीती आणि कोमल एकमेकींना चेंडू देत नाहीत, ही भांडणे ज्याने शाळेचा संघ तालुक्याला नेला आहे त्याला शिकवावी लागणार नाहीत. उणे एवढेच की, शेवटी सगळे फार लवकर जुळून येते.

'इक्बाल' हा २००५ सालचा, थोडक्या खर्चात केलेला बोलपट. मला तो फार आवडतो. शेतकऱ्याचा मुका-बहिरा मुलगा म्हशी राखता राखता गोलंदाजी करतो. म्हशींना त्याने खेळाडूंची नावे दिली आहेत. श्रेयस तळपदे या आपल्या मराठी नटाने एक शब्द न बोलता सगळे काम केले आहे. त्याची बहीण खुणांची भाषा इतरांना उलगडून सांगते, म्हणजे घरातली धाकटी मुलगी हीच त्याची पहिली शिक्षिका म्हणा ना. शेवटचा भाग घाईचा आहे.

आता 'लगान'. आशुतोष गोवारीकरांचा हा २००१ चा बोलपट मी वर का ठेवला नाही, असे कोणी विचारील. बोलपट म्हणून तो भरदारच आहे, ऑस्करपर्यंत जाऊन आला. परंतु त्यातला कचरा हा अस्पृश्य गोलंदाज पाहा. त्याचा हात अधू आहे म्हणून त्याचा चेंडू वळतो. म्हणजे त्याची कला हा निव्वळ योगायोग! इथे माझे मन अडते. कारण खरा माणूस आपल्याकडे होऊन गेला आहे. पाळवणकर बाळू, जन्म १८७६. पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची राखण करणारा पोऱ्या. गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता, हजारो चेंडू टाकून, त्याने आपली डावखुरी फिरकी घोटली. हिंदू संघाने त्याला खेळायला घेतले, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली भारताचा संघ विलायतेला गेला, तेव्हा बाळूने ११४ गडी बाद केले. इतके करूनही हिंदूंचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. बाळूची बोटे मेहनतीने तयार झाली होती. 'लगान' दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात बाळूची गोष्ट सांगा.

'दंगल' २०१६ चा. कुस्त्या इतक्या चांगल्या रीतीने दुसऱ्या कुठल्या हिंदी बोलपटात मी पाहिल्या नाहीत. बापाच्या हट्टाबद्दल मात्र घरोघर वाद व्हावा, आणि तो मुलींच्या समक्ष व्हावा. माझे गुण कापले गेले ते शेवटामुळे. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत गीता फोगाटने अंतिम कुस्ती एकतर्फी जिंकली होती. बोलपटात ती शेवटच्या क्षणापर्यंत हरत असते, आणि प्रशिक्षक बापाला खोलीत कोंडून ठेवतो. असे काही घडले नव्हते. गंमत अशी की, मघाशी सांगितलेल्या अमेरिकन फुटबॉलवरच्या एका नावाजलेल्या बोलपटातही हाच प्रकार आहे. 'रिमेंबर द टायटन्स' त्याचे नाव. १९७१ साली व्हर्जिनिया राज्यात काळ्या-गोऱ्या मुलांचा एकत्र संघ झाला, त्याची ही कथा. त्या संघाने शेवटचा सामना २७-० असा सहज जिंकला होता. पडद्यावर तो शेवटच्या घटकेला जिंकवला. दोन्हीकडे बोलपटवाल्यांना वाटले, की सहज मिळालेल्या विजयावर प्रेक्षक खूश होणार नाही. अहो, ज्या मुलीला गावाने आखाड्यात उतरू दिले नाही, ती समोरच्या पैलवानाला सहज लोळवते, यापेक्षा मोठे नाट्य कोणते हवे?

'मैदान' २०२४ चा. सय्यद अब्दुल रहीम या प्रशिक्षकाने १९६२ साली जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवून दिले, आणि पुढच्याच वर्षी ते कर्करोगाने गेले. रहीमसाहेब हैदराबादचे, म्हणजे आपल्या पैनगंगेच्या पलीकडचा मुलूख एकेकाळी ज्या संस्थानात होता, तिथले. खेळाचे चित्रण उत्तम, संवाद जरा गर्जना करणारे. त्याच साली आलेला 'चंदू चॅम्पियन' हा सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांवर आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेल्या या जवानाने १९७२ साली अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. माणूस बोलपटापेक्षा मोठा आहे, एवढेच म्हणतो.

आता तळाची बाजू. देव आनंद यांचा मी जुना भक्त. १९५९ च्या 'लव्ह मॅरेज'मध्ये त्यांनी क्रिकेटपटू किती झोकात रंगवला होता! पण त्यांचाच १९९० चा 'अव्वल नंबर' पाहून हसावे की रडावे कळत नाही. क्रिकेट, मत्सर, अतिरेकी, मैदान उडवायचा कट, सगळे एकाच हंड्यात. २००९ चा 'व्हिक्टरी' त्याच्याही खाली. त्यात खरेखुरे देशोदेशीचे खेळाडू आणून उभे केले आहेत, आणि तरी सामना खोटा वाटतो. 'साहेब' १९८५ चा, त्यात बहिणीच्या लग्नासाठी मूत्रपिंड विकणारा फुटबॉलचा गोलरक्षक आहे. रडवतो खरा, पण खेळ त्यात पाहुणा म्हणून आलेला.

राहिला गुरुजींचा प्रश्न. पाचवी ते सातवीला 'इक्बाल' दाखवा. आठवीच्या पुढे 'झुंड', पण दोन दिवसांत. मध्यंतरापर्यंत एक दिवस, उरलेला दुसऱ्या दिवशी. नशेचे आणि मारामारीचे प्रसंग आहेत, तेव्हा आधी स्वतः पाहून घ्या. मुख्याध्यापक म्हणतील, सामना संपला, आता दुसरा दिवस कशाला? तरी दुसरा दिवस चुकवू नका. आणि तो झाल्यावर वर्गात विचारा, जन्माचा दाखला, जातीचा दाखला कोणाकोणाजवळ नाही? नावे लिहून घ्या. संघ निवडायच्या वेळी वयाचा पुरावा मागतात, आणि पोडावरून येणारी चपळ पोर नेमकी तिथे गळते. पावसाळी सामन्यांच्या याद्या व्हायच्या आत ते कागद करून घ्यायचे असतील, तर उन्हाळ्याच्या सुटीआधीच पालकांना निरोप धाडायला हवा.