काट्यांच्या गाण्याला बाहुली नाही



सिनेमाच्या गाण्यावर चळवळीच्या पोरांनी कशाला बोलायचं, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, बोलायचं. चाळीतल्या भोंग्यानं आपल्याला जेवढं शिकवलं, तेवढं शाळेच्या कवितेच्या पुस्तकानं शिकवलं नाही.

१९६७ सालचं फिल्मफेअर घ्या. ‘गाईड’नं सात काळ्या बाहुल्या नेल्या. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, कथा, संवाद, छायाचित्रण. राहिली फक्त गाणी! संगीतकार, गीतकार, गायक ही तिन्ही बक्षिसं गेली ‘सूरज’ला. प्रेयसीच्या वाटेवर फुलं उधळायला सांगणारं ते गाणं. लोकांना आवडलं होतं, १९६६च्या बिनाका गीतमालेत पहिलं आलं होतं. लिहिणारे हसरत जयपुरीही एकेकाळचे मुंबईतले बस कंडक्टर. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण तराजूशी आहे.

‘गाईड’मधली रोझी कोण? देवदासीची पोर. नवऱ्यानं प्रतिष्ठा दिली अन् नाच काढून घेतला. एक दिवस ती घुंगरू विकत घेते, गवताच्या ट्रकवर चढते आणि गाते. काट्यांतून पदर ओढून घेतलेली बाई! बर्मनदांनी मुखड्याआधीच अंतरा सुरू केलाय. जणू तिला आता कुणाच्या परवानगीसाठी थांबायचंच नाही. जगायची ओढ आणि मरायची तयारी शेजारी शेजारी. आपल्यातल्या किती आयाबहिणींना देवाच्या नावानं सोडलं, ते आठवा आणि मग हे गाणं ऐका.

या गाण्यासाठी लताबाईंचं नामांकन होतं. तेव्हा गायक-गायिकांना मिळून एकच बक्षीस. ते रफीसाहेबांना गेलं. आणि शब्द लिहिणारा शैलेंद्र? तोही यादीत होता, पण दुसऱ्या गाण्यासाठी. ‘तीसरी कसम’मधल्या ‘सजन रे झूठ मत बोलो’साठी! रोझीच्या सुटकेचे शब्द यादीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

हा शैलेंद्र बिहारच्या आरा भागातल्या चर्मकार घरातला. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात राबलेला, इप्टात कविता म्हणणारा. त्याची जात जगाला कळली ती तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी, मुलानं सांगितली तेव्हा. जातीमुळे बक्षीस हुकलं असं मी म्हणत नाही. त्याला तीन बाहुल्या मिळाल्याच: ‘यहूदी’, ‘अनाडी’ आणि मेल्यानंतर ‘ब्रह्मचारी’. पण ‘गाईड’चा निकाल लागला तेव्हा तो नव्हता. १४ डिसेंबर १९६६ला, त्रेचाळिसाव्या वर्षी संपला.

मी म्हणतो ते एवढंच: रोझीचं दुःख पडद्यावर बघायला त्यांना आवडलं, त्याला त्यांनी टाळ्या दिल्या, बाहुल्या दिल्या. त्या दुःखातून ती स्वतःच्या पायानं बाहेर पडते, ते शब्द मात्र कुणाला मोजता आले नाहीत. आपल्या कवितेचंही तेच करतात साले! हुंदका दिसला की वा वा, घुंगरू वाजलं की कान बंद.

तेव्हा त्यांच्या याद्या त्यांना लखलाभ. आपण आपल्या कानानं ऐकू, आपली यादी आपण करू. माझ्या यादीत पहिलं नाव रोझीच्या गाण्याचं. तुमचं सांगा.

जय भीम!