नांव आणि क्रमांक

विद्वानाची ओळख त्याच्या नांवानें पटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. व्यवहारांत ती बरीचशी खरी असली, तरी ग्रंथसूचीच्या कामांत ती लंगडी पडते. नांव कधीं पूर्ण छापलें जातें, तर कधीं केवळ आद्याक्षरांनीं. देवनागरींतून रोमन लिपींत जातांना त्याचें स्पेलिंग निरनिराळें होतें. विवाहानंतर पुष्कळ स्त्रियांचें आडनांव पालटतें आणि पूर्वीचे निबंध जणूं दुसऱ्याच व्यक्तीचे ठरतात. शिवाय एकाच शास्त्रांत एकाच नांवाचे दोन कुलकर्णी असणें मुळींच दुर्मिळ नाहीं.

गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. ते मूळचे गणिती. तथापि गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचें त्यांचें सूत्र आनुवंशिकीच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्राचीन नाण्यांच्या वजनांस त्यांनीं संख्याशास्त्राची कसोटी लावली. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति १९४८ सालीं आणि भारतीय इतिहासावरील ग्रंथ १९५६ सालीं प्रसिद्ध केला. पुढें कांहीं गणिती निबंध त्यांनीं एस. ड्यूक्रे या टोपणनांवानें छापले. वडील धर्मानंद कोसंबी हे पालीचे थोर पंडित. तेव्हां आडनांवहि तेंच. केवळ नांवांवर विसंबणाऱ्या सूचीकारानें एका पुरुषाचे तीन विद्वान केले, किंवा पितापुत्रांस एकत्र गोंवलें, तर नवल तें काय?

यावर उपाय म्हणून ऑर्किड नांवाची नोंदवही ऑक्टोबर २०१२ मध्यें सुरू झाली. तींत प्रत्येक संशोधकास सोळा स्थानांचा क्रमांक मिळतो. तो चार-चारांच्या चार गटांत लिहितात. शेवटचें चिन्ह आधींच्या पंधरा अंकांवरून गणितानें काढलेलें असतें, त्यामुळें एखादा अंक चुकीचा लिहिल्यास ती चूक उघड होते. या क्रमांकांत देश, पदवी किंवा संस्था यांची कोणतीहि खूण नसते. म्हणून नोकरी, आडनांव वा देश बदलला तरी तो बदलत नाहीं. तो संशोधकानें स्वतःच घ्यावयाचा असतो व त्यास शुल्क पडत नाहीं. कोसंबींसारख्या दिवंगत ग्रंथकारांची सोय इस्नी या दुसऱ्या क्रमांकानें होते. त्याचाहि सांचा सोळा स्थानांचाच आहे.

माणसाप्रमाणेंच निबंधासहि क्रमांक असतो. त्यास डी-ओ-आय म्हणतात. त्याचा आरंभ दहा या अंकानें होतो. पुढें नोंदणी करणाऱ्या संस्थेची खूण, तिरपी रेघ आणि मग त्या निबंधाची खूण येते. इंटरनेटवरील पत्ता घराच्या पत्त्यासारखा असतो. बिऱ्हाड हललें कीं तो निरुपयोगी झाला. डी-ओ-आय मात्र आधीं नोंदवहीकडे जातो आणि निबंध आज कोठें आहे, तें तिला विचारतो. नियतकालिकाची मालकी बदलली, तर प्रकाशकानें नोंदवहींतील पत्ता तेवढा दुरुस्त करावयाचा. या कार्यासाठीं एक आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि २००० सालीं विद्वत्प्रकाशकांनीं क्रॉसरेफ ही संस्था उभारली.

क्रमांक मिळाला म्हणजे निबंध खरा ठरला काय, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. तसें मुळींच नाहीं. सदोष निबंधासहि क्रमांक असतो. त्याची परीक्षा विद्वानांनींच करावयाची. दुसरें असें कीं, शाश्वतपणा अंकांत नसून तो सांभाळणाऱ्यांच्या दक्षतेंत आहे. प्रकाशकानें पत्ता दुरुस्त केला नाहीं, किंवा निबंधाची प्रत कोणींच जतन केली नाहीं, तर तो क्रमांक पाडलेल्या वाड्याच्या दारावरील पाटीसारखा होय.

जुन्या मराठी नियतकालिकांतील कित्येक मोलाचे संशोधनपर लेख अद्याप अशा क्रमांकावांचून आहेत. ज्यानें आयुष्य वेंचून एखादें सत्य शोधलें, त्याचें श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर पडूं नये आणि त्याचा पुरावा वाचकाच्या हातीं लागावा, एवढेंच येथें साधावयाचें आहे. तें साधण्यासाठीं संशोधकानें आपला क्रमांक पहिल्या निबंधापासूनच लावावा, प्रकाशकानें नोंद चोख ठेवावी आणि ग्रंथालयानें प्रत जपावी.